पेपरव्हाइटची फुटलेली स्क्रीन घरी बदलताना

दप्तरात दबल्यावर तुमच्या 2015 च्या किंडल पेपरव्हाइटच्या, म्हणजे ई-पुस्तकं वाचायच्या यंत्राच्या, स्क्रीनचा वरचा अर्धा भाग जुन्याच चित्रावर अडकलाय, वरून साधा चराही दिसत नाही, मग फुटलं काय, असं तुम्ही विचारलंय. फुटते ती आतली काच. बोट लागतं तो थर वेगळा. शाईच्या थराखाली अगदी पातळ काच असते, तिच्यावर प्रत्येक ठिपक्याची वायरिंग असते. ती तडकली की तिथले ठिपके हलत नाहीत, आणि ई-इंकला, म्हणजे या शाईच्या स्क्रीनला, चित्र टिकवायला वीज लागत नाही, म्हणून शेवटचं पान तिथेच बसून राहतं.

आधी पॉवरचं बटण चाळीस सेकंद दाबून धरा. सुरू झाल्यावरही अडकलेलं चित्र तसंच राहिलं तर स्क्रीन गेली. मग यूएसबीने संगणकाला जोडा. पुस्तकं दिसली तर आतला सर्किट बोर्ड शाबूत आहे आणि खर्च करण्यात अर्थ आहे. तेव्हाच पुस्तकं उतरवून घ्या.

खरी चूक होते ती सुटा भाग मागवताना. माझ्या पहिल्या वेळी मी नुसतं ‘सहा इंची पेपरव्हाइट’ बघून पॅनेल, म्हणजे सुटी स्क्रीन, मागवलं आणि केबल बसलीच नाही. पॅनेलच्या मागे लेबल असतं, सहा इंचीवर नंबर ईडी060 ने सुरू होतो. पुढची अक्षरंही तंतोतंत जुळली पाहिजेत. त्यामुळे आधी उघडा, लेबलचा फोटो काढा, मगच मागवा. आणि टच व दिव्याचा थर चिकटवलेलं अख्खं पॅनेलच घ्या. ते थर घरी सोडवून पुन्हा चिकटवले की मध्ये हवेचे बुडबुडे आणि धूळ राहते, दिवा लावला की सगळं दिसतं.

समोरची काळी चौकट हेअर ड्रायरने कोमट करून गिटारच्या पिकने (तारा छेडायच्या पातळ प्लॅस्टिकच्या तुकड्याने) कडेकडेने उचला. खालचे स्क्रू काढले की आतला सांगाडा बाहेर येतो. पहिलं काम बॅटरीची जोडणी सोडवणं. मग स्क्रीनची चपटी केबल ओढू नका, तिच्या सॉकेटवरची बारीक पट्टी नखाने उभी केली की ती आपोआप सैल होते. जुनी स्क्रीन डबल टेपवर घट्ट बसलेली असते, निघताना तिचे तुकडे उडतात, तेव्हा चष्मा लावाच. मागे बॅटरी आहे, तिथे ना ऊब द्या ना टोकदार काही खुपसा.

नवं पॅनेल चिकटवण्याआधी नुसतं जोडून सुरू करा. पाच-सहा पानं उलटा, चारही कोपऱ्यांत टच बघा, अंधारात दिवा बघा. बसवताना मधोमध अंगठा दाबू नका, कडांवरच दाब द्या. माझं दुसरं पॅनेल असंच गेलं.

2018 पासूनच्या सपाट, जलरोधक मॉडेलला मात्र घरी हात लावू नका असंच मी सांगेन. तिथे समोरची सगळी बाजू चिकटवलेली असते आणि एकदा उघडल्यावर पाण्यापासूनचं संरक्षण गेलंच समजा. तुमचं तसं नाही. लेबलवरचा नंबर पाठवा, माझ्याकडच्या जुन्या पॅनेलशी ताडून सांगतो.