प्लेऑफच्या तोंडावर आइस हॉकीचा संघ स्वतःचा कर्णधारच देऊन का टाकतो? ट्रेड डेडलाइनने खरंच फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की कॅनडात येऊन जेमतेम वर्ष झालं, मार्च लागला की ऑफिसात सगळे ‘डेडलाइन’बद्दल बोलतात, आणि बॉस्टनने आपला कर्णधार मार्शांड फ्लोरिडाकडे का दिला हे कुणी नीट सांगत नाही. मी बॉस्टनजवळ राहतो, २०११पासून तिथल्या ब्रुइन्स संघाचा चाहता आहे. तेव्हा हे उत्तर तटस्थ माणसाचं नाही.

आधी व्यवहार समजून घ्या. आपल्याला आयपीएलचा लिलाव माहीत असतो, पण इथे लिलाव नसतो. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू, किंवा ‘पिक’ म्हणजे पुढच्या एखाद्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये तरुण खेळाडू निवडायचा हक्क. मार्चमध्ये एक दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी दुपारी तीननंतर ज्याला आणाल, त्याला प्लेऑफमध्ये उतरवता येत नाही. त्यामुळे तोवर प्रत्येक संघाला स्वतःशी खरं बोलावं लागतं: यंदा कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकायची ताकद आपल्यात आहे का? असेल तर उद्याचे पिक देऊन आजचे खेळाडू घ्यायचे. नसेल तर उलट.

७ मार्च २०२५ला बॉस्टनचं उत्तर ‘नाही’ असं होतं. ब्रॅड मार्शांड ३६ वर्षांचा, दुखापतीमुळे बाहेर बसलेला, आणि करार उन्हाळ्यात संपणारा. नव्या कराराचं जुळत नव्हतं. त्याला ठेवला असता तर जुलैत तो मोकळा होऊन कुठेही गेला असता आणि बॉस्टनच्या हाती काहीच उरलं नसतं. म्हणून मुदत संपता संपता त्याला फ्लोरिडा पँथर्सकडे पाठवलं. बदल्यात ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीचा एकच पिक. अट अशी, की फ्लोरिडाने प्लेऑफच्या दोन फेऱ्या जिंकल्या आणि मार्शांड निम्मे सामने तरी खेळला, तर तो पिक पहिल्या फेरीचा होईल.

हिशोब मला पटतो. तरी त्या दुपारी मी फोन उलटा ठेवून दिला. मी या देशात आलो त्याच वर्षी, जून २०११मध्ये, व्हँकुव्हरमधल्या अंतिम फेरीच्या सातव्या, निर्णायक सामन्यात बॉस्टनने ४–० असा विजय मिळवून कप आणला, आणि त्यातले दोन गोल या पोराचे होते. तो त्याचा पहिलाच पूर्ण हंगाम. मला तेव्हा ऑफसाइडसुद्धा कळत नव्हतं. शेजारच्या घरातले सगळे सोफ्यावर चढून नाचले आणि मलाही ओढलं. पुढे बॉस्टनसाठी तो १,०९० सामने खेळला. असा माणूस एका फोनवर दुसऱ्या गावचा होतो, हे या खेळातलं मला आजही न पचणारं वास्तव आहे.

त्याच आठवड्यात बॉस्टनने ब्रँडन कार्लोला टोरोंटोला आणि ट्रेंट फ्रेडरिकला एडमंटनला दिलं. ही नावं लक्षात ठेवा.

आता फ्लोरिडाची बाजू, कारण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग तिथे सुटतो. पँथर्स २०२४चे विजेते. त्यांचा महत्त्वाचा खेळाडू मॅथ्यू ट्काचक फेब्रुवारीत राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेत जखमी झाला. दीर्घकाळ जखमी असलेल्याच्या पगाराइतकी जागा संघाला पगारमर्यादेच्या (संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेच्या) वर वापरता यायची, आणि त्या हंगामापर्यंत प्लेऑफमध्ये ही मर्यादा लागूच नव्हती. म्हणजे ट्काचकच्या जागेत नवे खेळाडू बसवायचे, आणि प्लेऑफला तोही परत. नियमात बसणारं होतं, तरी बऱ्याच लोकांना ते खटकलं. मलाही ते योग्य वाटत नाही, आणि प्लेऑफमध्येही मर्यादा लागू करणारा नियम पुढे आला याचा आनंद आहे.

पण फ्लोरिडाचे मुख्य व्यवस्थापक बिल झिटो यांनी त्या जागेचं काय केलं ते बघा. मार्शांडच्या आधी, १ मार्चला, त्यांनी शिकागोकडून बचावपटू सेथ जोन्स घेतला. किंमत: तरुण गोलरक्षक स्पेन्सर नाइट आणि पहिल्या फेरीचा पिक. मुख्य गोलरक्षक बोब्रोव्स्की असताना नाइटला गोलात जागा नव्हतीच. दहा दिवसांच्या आत फ्लोरिडाचा मुख्य बचावपटू आरन एकब्लाडवर बंदी असलेल्या औषधामुळे २० सामन्यांचं निलंबन आलं. जोन्स नसता तर बचावाला भगदाड पडलं असतं.

मार्शांडला त्यांनी तिसऱ्या लाइनवर (लाइन म्हणजे एकत्र बर्फावर उतरणारे तीन फॉरवर्ड), लुंडेल आणि लुओस्टारिनेन या दोन फिनिश तरुणांबरोबर ठेवलं. माझ्या मते सगळ्यात शहाणा निर्णय हाच. समोरच्या संघाचे उत्तम बचावपटू पहिल्या दोन लाइन अडवण्यात गुंतलेले, आणि तिसऱ्या लाइनवर हा मुरलेला खेळाडू. दुसऱ्या फेरीत टोरोंटोशी सातवा सामना फ्लोरिडाने ६–१ असा जिंकला. मार्शांडचा एक गोल, दोन असिस्ट (गोलसाठी दिलेले पास), आणि समोर टोरोंटोच्या जर्सीत कार्लो. अंतिम फेरीत एडमंटनकडून फ्रेडरिक. वर्षानुवर्षं एका ड्रेसिंग रूममध्ये बसलेली माणसं. दुसऱ्या सामन्यात दुसऱ्या जादा वेळेत मार्शांड एकटा पक (खेळायची रबरी चकती) घेऊन सुटला आणि सामना संपवला, तेव्हा मी नकळत ओरडलो, बॉस्टनची जर्सी घालून. अंतिम फेरीत त्याचे सहा गोल झाले आणि फ्लोरिडाने १७ जूनला कप राखला.

सगळ्यांचं असं होत नाही. टँपाने त्याच आठवड्यात सिअ‍ॅटलकडून दोन चांगले फॉरवर्ड घेतले, पहिल्या फेरीचे दोन पिक मोजले, आणि पहिल्याच फेरीत फ्लोरिडाकडूनच हरले. उलट कोलोराडोने जानेवारीत कॅरोलायनाला दिलेला मिक्को रांतानेन डेडलाइनला डॅलसकडे गेला आणि मेमध्ये सातव्या सामन्याच्या शेवटच्या सत्रात तीन गोल करून त्याने कोलोराडोलाच घरी पाठवलं. आलेला माणूस नेमकी कुठली जागा भरतो, यावर सगळं आहे. नाव किती मोठं, याने फार ठरत नाही.

मार्शांडसाठीची अट पूर्ण झाली, म्हणून बॉस्टनला पहिल्या फेरीचा पिक मिळाला. ज्या मुलावर तो खर्च होईल, तो आज कुठल्यातरी गावात शाळेत असेल, पहाटे आईबाबांच्या गाडीतून सरावाला जात असेल. त्याचं नाव मी वाट बघून वाचणार आहे.