वाचक विचारतात: रेनेट, फुगलेले चीज आणि पावसाळा

वाळपईहून एक वाचक: चीजसाठी 4 लिटर दुधाला बाटलीवर लिहिलेय तेवढे रेनेट (दूध घट्ट करणारे विकर) घालतो, पण तासाभरानेही दूध धड घट्ट होत नाही. रेनेट खराब निघाले असेल का?

आधी दूध तपासा. टेट्रापॅकमधले दूध फार तापवलेले असते, त्याचे चीज होणार नाही. घरी उकळलेल्या दुधाचेही तेच: एरवी निवळीत (चीजमधून सुटणाऱ्या पाण्यात) जाणारी प्रथिने केसीनला, म्हणजे ज्याचे चीज बनते त्या प्रथिनाला, चिकटून बसतात आणि रेनेटला काम करता येत नाही. तुमच्या भागात गोठे आहेत, तेव्हा गायीचे ताजे दूध आणा. पातेले गरम पाण्याच्या टोपात ठेवून 63 अंशांवर 30 मिनिटे धरा (हेच पाश्चराईज करणे), मग झटपट 32 अंशांवर आणा. 10 लिटरला 2 ग्रॅम खाण्यायोग्य कॅल्शियम क्लोराईड पाण्यात विरघळवून घाला. रेनेट मिसळायला उकळून गार केलेले पाणीच घ्या, नळाच्या पाण्यातले क्लोरीन त्याला निकामी करते.

रेनेट घालून अर्धा मिनिट ढवळले की हात आवरा. दूध स्थिर झाले की वर एक हलकी स्टीलची वाटी तरंगत सोडा आणि अधूनमधून बोटाने फिरवून पाहा. सुरुवातीला ती गरगर फिरेल, एका क्षणी जागीच अडकेल. रेनेट घातल्यापासून तिथवर 12 मिनिटे लागली, तर तिप्पट म्हणजे 36व्या मिनिटाला घट्ट झालेले दूध सुरीने कापा. वाटी अडकायला अर्धा तास लागत असेल, तर मात्र रेनेट जुने झाले आहे किंवा कमी पडते आहे.

पेडण्याहून एक वाचक: पाऊस सुरू झाल्यापासून दाबलेले चीज दुसऱ्याच दिवशी फुगते. कापले तर आत स्पंजसारखी भोके. विरजण घरच्या दह्याचे. हे खाल्ले तर चालेल?

नाही, टाकून द्या. जनावरांच्या घाणीतून येणारे कोलिफॉर्म जंतू किंवा यीस्ट वायू सोडतात, त्याचीच ही भोके. पावसात गोठ्यात चिखल, सड ओले, धार काढणाऱ्याचे हातही ओले. धारेआधी सड धुऊन कोरड्या फडक्याने पुसायलाच हवेत, पण दूध पाश्चराईज केल्यावरही घाण परत शिरते. सर्वांत मोठा गुन्हेगार मलमलचे फडके. गोव्यात जुलैमध्ये ते दोन-दोन दिवस दमट राहते, म्हणून वापरण्याच्या अगदी आधी 10 मिनिटे उकळा. साचे, झारा, सुरी तशीच.

घरचे दही जेवायला उत्तम, पण त्यात यीस्ट असू शकते आणि आंबटपणाचा वेग रोज वेगळा. आंबटपणा उशिरा चढला की जंतूंना मोकळे रान मिळते. पाकिटातले मेसोफिलिक कल्चर (मध्यम तापमानात वाढणारे चीजचे तयार विरजण) घ्या आणि फ्रीझरमध्ये ठेवा. आमचा सल्ला असा, की मुरवायचे चीज ऑक्टोबरनंतरच करा. त्याला 10 ते 13 अंश तापमान लागते, म्हणजे जुना फ्रीज आणि त्याला बाहेरून लावलेला थर्मोस्टॅट आलाच.

मडगावहून एक वाचक: मिठाच्या पाण्यात ठेवलेले फेटा (ग्रीक पद्धतीचे खारे चीज) बुळबुळीत का होते?

पाण्यात कॅल्शियम आणि आंबटपणा नसला, तर चीजमधले कॅल्शियम पाण्यात उतरते आणि वरचा थर विरघळतो. लिटरला 80 ग्रॅम मीठ, कॅल्शियम क्लोराईडचे 30 टक्क्यांचे द्रावण 4 मिली आणि पांढऱ्या व्हिनेगरचे थोडे थेंब घाला. तुकडे पाण्यात सोडण्याआधी एक दिवस मीठ चोळून फ्रीजमध्ये जाळीवर निथळू द्या.