मालिका चालू असताना कलाकार नाटकाचे प्रयोग कसे करतात? शूटिंग तर रोज असतं ना?
करतात की, कारण प्रयोग बहुतेक शनिवार-रविवारी लागतात आणि नाटकवाले कलाकार मालिका घेतानाच त्या तारखा मागून ठेवतात, मग त्यांचे सीन आधी उरकून एपिसोडची बँक करतात, म्हणजे पुढचे भाग आधीच शूट करून साठवून ठेवतात. कविता लाड-मेढेकरच बघा ना, २०२३ मध्ये झी मराठीवर 'तुला शिकवीन चांगलाच धडा'मधली भुवनेश्वरी आणि तिकडे प्रशांत दामलेंसोबत 'एका लग्नाची पुढची गोष्ट'चे प्रयोग, दोन्ही चालू. मी बॅकस्टेजला असतो, घोडबंदरच्या सेटवरून थेट ठाण्याच्या गडकरी रंगायतन नाट्यगृहात येऊन मालिकेच्याच मेकअपवर साडी बदलून एन्ट्री घेणारे बघितलेत. फक्त रोज सगळ्याच सीनमध्ये असणाऱ्या हिरो-हिरोईनला हे जमवणं अवघड, त्यात महाएपिसोड लागला की मग बोंबच.