‘पोटातल्या बाळाबद्दल काहीच वाटत नाही’

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होता. कूलरच्या घरघरीत तिचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. “मॅडम, साऱ्या म्हणतात पोटावर हात ठेवला का माया दाटून येते. मले तं काहीच नाही वाटत. मी कशी आई होईन?” सहावा महिना सरत आलेला. सासूबाई रोज संध्याकाळी श्लोक लावून मोबाईल तिच्या पोटाजवळ ठेवायच्या, आणि ती तेवढा वेळ चेहरा हसरा ठेवायची. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

नागपुरात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या कितीतरी जणी हेच विचारतात. कुणाला माया चौथ्या महिन्यात वाटते, कुणाला बाळ कुशीत आल्यावरही काही दिवसांनी. त्यात आईचा दोष नसतो. रडू आलं म्हणून बाळाचं नुकसान झालं, असंही नाही.

तिच्यासोबत मी सजगतेचा (माइंडफुलनेसचा) सराव सुरू केला, म्हणजे या क्षणी जे जाणवतं त्याकडे नुसतं लक्ष द्यायचं. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेत असा वर्ग सुरू केला. पुढे तो गरोदर बायांसाठीही बेतला गेला. पहिल्याच दिवशी माझं चुकलं. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं, तर तिचा जीव घाबरा झाला. गरोदरपणात संप्रेरकांमुळे धाप तशीही लागते. मग डोळे उघडे ठेवून, चपला काढून पाय फरशीवर ठेवायला सांगितले.

“काय जाणवतं?”

“गार लागते. डाव्या टाचेखाली बारीक खडा आहे.”

त्या दिवशी एवढंच पुरे होतं.

घरी रात्री दहा मिनिटं डाव्या कुशीवर, हात पोटावर. मायेची वाट पाहायची नाही. लाथ, गॅस, उकाडा, जे येईल ते टिपायचं. भीती आली तर मनात ‘भीती आली’ म्हणायचं, हाकलायची नाही.

चौथ्या भेटीत तिने आपणहून सांगितलं. दोन वर्षांपूर्वी दहाव्या आठवड्यात गर्भपात झाला होता. घरात सगळे “होईल दुसरं” म्हणाले आणि विषय मिटला. पुन्हा जीव लावला आणि पुन्हा गेलं तर, या धास्तीने तिने मनच आवरून धरलं होतं. त्या दिवशी सराव नाही केला, फक्त बोललो. नैराश्य तपासणारी दहा प्रश्नांची एडिनबर्ग चाचणीही तिच्याकडून भरून घेतली आणि तिच्या डॉक्टरांशी बोलले.

दोन आठवडे सलग उदास वाटत असेल, झोप-जेवण उडालं असेल, तर नुसत्या सरावावर राहू नका, डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटला तर एक दिवसही थांबू नका; टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीही सुरू असतो. आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर ध्यानाला बसायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

सरावाच्या सहाव्या आठवड्यात ती आली तेव्हा डोळे सुजलेले होते.

“काल रात्री पहिल्यासाठी रडली मी, मॅडम. पोटभर. अन् हे आतून लाथा मारत होतं. हात नाही काढला मी.”