जुना रोलचा कॅमेरा आणि एकच लेन्स, एवढ्यावर फोटोग्राफी खरंच शिकता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की डिजिटल बॉडी आणि दोन लेन्स धरून बजेट पन्नास हजारांच्या पुढे चाललंय, मित्र म्हणतो त्यापेक्षा जुना फिल्म कॅमेरा घे, एक ५० एमएम (झूम न होणारी साधी लेन्स) लाव आणि वर्षभर तेवढ्यावरच काढ, आणि तुम्हाला कळत नाहीये की हे खरंच शिकणं आहे का नुसतं फॅड. मी पण नाशिकचाच, अंबडला कंपनीत क्वालिटीला आहे, चार वर्षांपासून हेच करतोय म्हणून लिहितो.

शिकता येतं. पण मित्राने अर्धंच सांगितलंय. नुसता रोल टाकून कोणी शिकत नाही, उलट डिजिटलपेक्षा हळू शिकतो, कारण चूक कळायला तीन आठवडे लागतात आणि तोपर्यंत आपण काय केलं होतं ते डोक्यातून साफ गेलेलं असतं. खिशात वही असेल तरच या सगळ्याला अर्थ आहे. वहीवर पुढे येतोच.

माझ्याकडे आधी डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा) होता, सोबत आलेली किट लेन्स आणि एक मोठी झूम लेन्स. रविवारी सकाळी रामकुंडावर जायचं, सहाशे फोटो काढायचे, घरी येऊन कॉम्प्युटरवर टाकायचे आणि मग त्यातले बघायचे पण नाहीत असं दोन वर्षं चाललं होतं. एका पावसाळ्यात झूमला बुरशी लागली, दुरुस्तीचा खर्च ऐकून मी तो कपाटात ठेवून दिला, आणि त्याच महिन्यात देवळाली कॅम्पातल्या एका रिटायर्ड काकांनी पेंटॅक्स के १००० हा जुना फिल्म कॅमेरा विकायला काढला होता तो स्वस्तात मिळाला. स्वस्त का, तर आतलं उजेड मोजायचं मीटर मेलेलं. म्हणजे माझी मर्यादा काही साधना वगैरे नव्हती, पैसे नव्हते एवढंच.

के १००० बद्दल दोन शब्द, कारण तुम्हाला पण हाच किंवा असाच काहीतरी सापडेल. १९७६ ला आला आणि १९९७ पर्यंत बनत होता, त्यात ऑटो असं काहीच नाही. शटर, म्हणजे रोलवर उजेड पडू देणारा पडदा, पूर्ण मेकॅनिकल, एक सेकंदापासून १/१००० सेकंदापर्यंत, आत एक बटण सेल लागतो तो फक्त मीटरच्या काट्याला, सेल नसला तरी फोटो निघतोच. मीटरला चालू-बंद बटण नाही, लेन्सवर झाकण लावलं की तेच बंद करणं, त्यामुळे झाकण न लावता टेबलावर ठेवला की सेल संपला समजा. दुसरा कुठला मेकॅनिकल कॅमेरा मिळाला तरी चालेल, मॉडेलवरून भांडत बसू नका.

घेताना मात्र नीट बघा. मागचं दार उघडा, लेन्स काढा, उजेडाच्या भिंतीकडे धरून १/१००० ला शटर मारा, पूर्ण चौकट लख्ख दिसली पाहिजे, एका बाजूला काळी पट्टी दिसली तर शटर थकलंय. एक सेकंदाचा आवाज कानाने मोजा. लेन्समधून टॉर्च मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, ते घेऊ नका, मी भोगलंय. आणि दाराच्या कडेला जो फोम असतो तो इतक्या वर्षांनी डांबरासारखा चिकट झालेलाच असतो, त्यावरून सौदा मोडू नका, फक्त भाव पाडा. तो खरवडून त्या खाचेत काळी लोकर बसवायची, मेन रोडला लोकरीचा गुंडा कितीला मिळतो तेवढाच खर्च. माझ्या कॅमेऱ्यात अजून तीच लोकर आहे आणि उजेड घुसत नाही.

बाकी सामान म्हणजे ५० एमएम, पट्टा, एकाच प्रकारचा छत्तीस फोटोंचा रोल, छोटी वही. फ्लॅश नको, ट्रायपॉड नको, फिल्टर नको. रोल सारखा बदलू नका ही गोष्ट लोक ऐकत नाहीत, आज हा उद्या तो करतात आणि मग फोटो वेगळा का आला, उजेडामुळे का रोलमुळे हेच कळत नाही. मी पहिले दहा रोल ४०० आयएसओचा (रोल उजेडाला किती तेज आहे त्याचा हा आकडा) एकच ब्लॅक अँड व्हाइट वापरला. रोल, धुणं (म्हणजे रसायनात घालून फोटो उमटवणं), स्कॅन आणि कुरिअर धरून मला तेव्हा एक क्लिक तीसेक रुपयाला पडत होती, म्हणजे प्रत्येक क्लिकला एक वडापाव असा हिशोब मी डोक्यात ठेवला होता आणि खरं सांगतो, बोट आपोआप थांबतं.

मीटर मेलेलं असल्याचा मला सगळ्यात जास्त फायदा झाला. भर उन्हाचा एक जुना हिशोब आहे, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत येण्याचं भोक, आकडा जितका मोठा तितकं भोक लहान) १६ वर ठेवायचं आणि शटर रोलच्या आयएसओच्या जवळचं, म्हणजे २०० च्या रोलला १/२५० आणि ४०० च्या रोलला १/५००. पातळ ढग आले की अ‍ॅपर्चर ११, नीट ढगाळ असेल तर ८, मोकळ्या सावलीत ४. एवढं पाठ करून मी गोदाघाटावर फिरायचो आणि बुधवारच्या बाजारात भाजीच्या पालांखाली शिरलो की मनात म्हणायचो आता ४, बाहेर आलो की १६. सराफ बाजाराच्या मागच्या वाड्यांच्या बोळात तर ऊन वरच्या मजल्यालाच अडकलेलं असतं, खाली भर दुपारी सुद्धा २.८ ला १/१२५ लागतं हे मी चुकून चुकून शिकलो. शंका आली तर थोडा जास्तच उजेड द्या, निगेटिव्ह फिल्म एखाद-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) जास्त झालेलं पोटात घालते पण कमी पडलं की सावल्यांचा नुसता चिखल होतो. दोन महिन्यांनी असं झालं की गाडी चालवताना सुद्धा मला उजेड आकड्यात दिसायला लागला, बायको म्हणाली सिग्नल बघा आधी.

मधे मी फोनवर मीटरचं अ‍ॅप टाकलं होतं, त्यावर भरोसा ठेवून काळारामाच्या पूर्व दरवाजाबाहेर उभं राहून काळ्या दगडाचे तीन फोटो काढले. आले ते राखाडी, सिमेंटची फॅक्टरी वाटावी असे, आणि आकाश पांढरं फट्टक. तेव्हा डोक्यात शिरलं की मीटर कुठलंही असो, त्याला समोर काय आहे ते कळत नाही, ते सगळ्याला मधला करडा रंग समजतं, म्हणून काळा दगड उजळ करून ठेवतं आणि पांढरा सदरा मळवून ठेवतं. डीएसएलआरवर दोन वर्षं हेच होत होतं पण मी मागच्या स्क्रीनवर बघून डायल फिरवायचो आणि पुढे जायचो, का झालं हे कधी विचारलंच नाही.

आता वही. प्रत्येक क्लिकला एक ओळ लिहायची. नंबर, जागा, अ‍ॅपर्चर, शटर, उजेड कुठून, आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचं, का काढला. माझी एक ओळ अशी आहे, "१४, बुधवार बाजार, मिरचीवाली आजी, ५.६, १/२५०, उजेड डावीकडून, हातातला तराजू." पुढे रोल धुऊन आला की वही शेजारी घेऊन बसायचं. चौदा नंबरमध्ये तराजू कुठंय? कोपऱ्यात, अर्धा कापलेला, आणि मधोमध आजींच्या मागची प्लास्टिकची बादली. म्हणजे मला आवडला होता तराजू आणि मी फोटो काढला बाजाराचा. हे असं एका रोलमध्ये पंधरा-वीस वेळा निघालं, लाज वाटली. तीन रोल झाल्यावर मी एकशे आठच्या एकशे आठ फोटो टेबलावर पसरून बघितले तर एकातही मी खाली बसलेलो नव्हतो, सगळे माझ्या उभ्या उंचीवरून, सगळे आडवे. झूम असताना हे कधी कळलं नसतं कारण झूम फिरवला की आपल्याला वाटतं आपण काहीतरी वेगळं केलं. ५० ला वेगळं करायचं तर पाय उचलावे लागतात किंवा गुडघे टेकावे लागतात, दुसरा मार्गच नाही.

अंतराचं पण असंच. गर्दीत फोकस फिरवत बसलं की क्षण गेलेला असतो, म्हणून अ‍ॅपर्चर ८ आणि फोकस पाच मीटरवर लावून ठेवायचा, मग साधारण साडेतीन ते साडेनऊ मीटरमधलं सगळं चालण्यासारखं शार्प येतं. त्यासाठी पाच मीटर म्हणजे किती हे डोळ्याला माहीत पाहिजे. मी आमच्या पार्किंगमध्ये टेप लावून शिकलो, वॉचमनला वाटलं जागेचा वाद आहे.

एकदा पुराच्या वेळी गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी आलं होतं (नाशकात पूर याच मूर्तीवरून मोजतात), होळकर पुलावर ही गर्दी, सगळे फोन वर करून तोच मारुती काढतायत, आणि माझ्या कॅमेऱ्यात चार फोटो शिल्लक, दुसरा रोल घरी. आधीचा मी असतो तर त्या गर्दीत घुसून मारुतीचे दोनशे काढले असते. चारच आहेत म्हटल्यावर पहिला अर्धा तास मी एकही काढला नाही, नुसता इकडे तिकडे बघत होतो, आणि मग दिसलं की खालच्या बाजूला एक प्रसादाचा दुकानवाला आणि त्याची पोरगी लाकडी फळ्या डोक्यावर घेऊन पायऱ्या चढतायत, फळीवर अजून हळदीकुंकवाच्या पुड्या तशाच. तिथे तीन वापरले. चौथा मारुतीचाच काढला, नाशिककर आहे शेवटी.

तसं बघितलं तर मोजून मापून फ्रेम घालवायची सवय आपल्याकडची जुनीच आहे. दादासाहेब फाळके १८७० चे, त्र्यंबकेश्वरचे, आणि पिक्चर काढण्याआधी त्यांनी फोटोग्राफीचाच धंदा केला होता. राजा हरिश्चंद्र १९१३ चा, त्याच्या आधी त्यांनी कुंडीतल्या मटारच्या रोपासमोर कॅमेरा लावून महिनाभर रोज थोडं थोडं असं त्याचं उगवणं टिपलं होतं. पांडवलेण्याच्या पायथ्याशी स्मारकात गेलात तर हे आठवा, माझा तर रोल संपत आला की हमखास आठवतं.

कोणी म्हणेल हे सगळं डिजिटलवर पण होईल की, एकच लेन्स लाव, छत्तीसच काढ, स्क्रीनवर पट्टी चिकटव. होईल, नक्की होईल, आणि तुमच्यात तेवढा संयम असेल तर आहे तो कॅमेरा वापरा आणि पैसे वाचवा. मला नाही जमलं. पंगतीत बसून समोर जिलबीचं ताट असताना दोनच घास खा म्हटल्यासारखं होतं ते.

काही कटकटी आधीच सांगतो. माझ्या ओळखीच्या स्टुडिओवाल्याने धुण्याचं मशीन कधीच भंगारात काढलं, त्यामुळे मी रोल कुरिअरने मुंबईला पाठवतो आणि वाट बघतो. एका लॅबने माझ्या निगेटिव्ह फ्रेमच्या मधोमध कापल्या होत्या आणि एकीने तर परतच दिल्या नाहीत, तेव्हा निगेटिव्ह परत पाहिजेत हे पाकिटावर ठळक लिहा, स्कॅन हरवलं तर परत होतं, निगेटिव्ह गेली की गेली. एप्रिल-मे मध्ये रोल गाडीच्या डिकीत ठेवू नका. सात-आठ रोल झाले की ब्लॅक अँड व्हाइट घरी धुवायला शिका, ते वाटतं तेवढं अवघड नाही. रोल धुण्याच्या टाकीत भरायला पूर्ण अंधार लागतो, मी रात्री दिवे घालवून कपाटात बसून वर गोधडी घेतो. मी एचपी ५ या ब्लॅक अँड व्हाइट रोलला डी-७६ हे धुण्याचं रसायन एकास एक पाण्यात, २० डिग्रीला ११ मिनिटं देतो. आपल्याकडे जानेवारीत नळाचं पाणी जवळपास तेवढं असतंच, मे मध्ये मात्र परातीत बर्फ घेऊन बसावं लागतं.

आणि आता माझा पहिला रोल, जो मी कोणाला सांगत नाही. रंगपंचमी होती, पंचवटीत शनि चौकातली रहाड (रंगाच्या पाण्याचा जमिनीतला हौद) उघडलेली, पोरं धप्पा मारतायत, रंगाचं पाणी उडतंय, मी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, लेन्सपुरतं भोक पाडून, जीव मुठीत धरून फोटो काढतोय. एकापेक्षा एक फोटो! छत्तीस होऊन गेले असतील तरी रोल पुढे सरकवायचा लीव्हर आपला मजेत फिरतोय, मला वाटलं वा, रोलमध्ये जास्तीचे आलेत. घरी येऊन रिवाइंड करायला, म्हणजे रोल परत डबीत गुंडाळायला गेलो तर नॉबला काही जोरच लागेना. रोलचं टोक पलीकडच्या गुंडाळायच्या स्पूलमध्ये नीट अडकलंच नव्हतं, अख्खा रोल पहिल्यापासून डबीतच बसून होता. एक पण फोटो नाही.

म्हणून तुम्ही शेवटी विचारलंय ना की पहिला रोल कुठे संपवू, तर रामकुंडावर नका जाऊ, सण तर अजिबात नको. घरातच संपवा, आई खिडकीशी भाकरी थापत असेल तिथे ४०० च्या रोलला अ‍ॅपर्चर २ आणि १/६० ने सुरुवात करा, गॅलरी, जिना, खालचा इस्त्रीवाला. आणि दार बंद करून पहिल्यांदा लीव्हर ओढाल तेव्हा डाव्या हाताची रिवाइंडची नॉब सोबत उलटी फिरतेय ना, तेवढं बघा.