जळगावातील पेट शॉपमधून बॉल पायथन आणि इग्वाना कमिशनवर विकण्याचा करार करावा का?

प्राणी आपले, जागा दुकानदाराची आणि विक्रीनंतर कमिशन, ही मांडणी सोपी वाटली तरी कागदपत्रे पूर्ण झाल्याशिवाय करार करू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मधील 2022 च्या दुरुस्तीनंतर बॉल पायथन (अजगराची जात) आणि इग्वाना (मोठा सरडा) या दोन्ही विदेशी प्रजातींची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी आवश्यक असून हस्तांतर, जन्म आणि मृत्यूही कळवावा लागतो. दुकानाला 2018 च्या पेट शॉप नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी हवी. ती नसेल तर बोलणी तिथेच थांबवावीत. नाग, धामण, घोरपड आणि स्टार कासव यांची विक्री गुन्हा आहे, आणि ‘घरात बरकत येते’ म्हणून कासव मागणारे गिऱ्हाईक भेटणारच, त्यामुळे त्याच काउंटरवर असा माल विकला जाणार नाही, ही अट लेखी असावी.

खरी जोखीम मात्र मृत्यूची आहे. बॉल पायथनला उबदार कोपरा साधारण 32 अंशांचा लागतो, तर जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो; अशा वेळी वीज गेली आणि दुकान दुपारी बंद असले, तर काचेच्या टाकीतील प्राणी काही तासांत दगावू शकतो. कमिशनच्या व्यवहारात विक्री होईपर्यंत मालकी आपलीच राहते, म्हणून हे नुकसान कोणी सोसायचे हे करारात स्पष्ट नसेल तर ते आपल्याच माथी येईल. माझ्या मते कमी भाव मिळाला तरी रोखीने, ग्राहक ठरल्यावरच प्राणी द्यावा आणि दुकानात केवळ छायाचित्रे ठेवावीत.