शाखाधिकाऱ्यांच्या उणिवा पाहाव्यात की बलस्थाने?

प्रश्न : मी ग्रामीण भागातील एका सहकारी पतसंस्थेत मुख्य कार्यकारी अधिकारी आहे. थकबाकी वाढल्यामुळे संचालक मंडळाने शाखाधिकाऱ्यांना प्रशिक्षण देण्याचे ठरवले आहे. प्रत्येकाच्या उणिवांची यादी करावी, असे काही संचालकांना वाटते. प्रशिक्षक मात्र उणिवांचा विषयच काढू नये, केवळ बलस्थानांवर भर द्यावा, असे सांगतात. आम्ही कोणता मार्ग धरावा?

उत्तर : प्रशिक्षकांच्या आग्रहामागील विचार पोकळ नाही. अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचे डेव्हिड कूपररायडर आणि सुरेश श्रीवास्तव यांनी १९८७ मध्ये असे मांडले की, संस्थेकडे केवळ सोडवायच्या समस्यांचा गठ्ठा म्हणून पाहिले, तर नवे काही घडवण्याची तिची ताकद खुंटते; म्हणून जे उत्तम चालले आहे, त्याचाही गांभीर्याने शोध घ्यावा. परंतु ‘उणिवांचा विषयच काढू नये’ हा त्यातून काढलेला सोयीचा अर्थ आहे आणि तो मला मान्य नाही.

याच धाटणीचे सर्वांत ठोस काम व्हिएतनाममध्ये झाले. ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेतर्फे जेरी आणि मोनिक स्टर्निन हे दाम्पत्य १९९० च्या अखेरीस तेथे गेले, तेव्हा बालकुपोषण कमी करून दाखवण्यासाठी सरकारने त्यांना सहा महिन्यांची मुदत दिली होती. थान्ह होआ प्रांतातील खेड्यांत त्यांनी सर्वप्रथम गावकऱ्यांच्या साहाय्याने लहान मुलांची वजने करवून घेतली. त्यानंतर, अत्यंत गरीब असूनही ज्या घरांतील मुले सुदृढ होती, त्या घरांत काय वेगळे घडते, हे पाहिले. तेथील आया भातशेतीत मिळणारी बारीक कोळंबी, खेकडे आणि रताळ्याची पाने मुलांच्या जेवणात घालत होत्या आणि त्यांना दिवसातून अधिक वेळा भरवत होत्या. मग इतर आयांनीही मूठभर कोळंबी वा पाला घेऊन यावे आणि एकत्र स्वयंपाक करावा, अशी रीत घातली गेली. व्याख्यानांवर भर नव्हता. येथे समस्या लपवली गेली नव्हती. ती तराजूवर मोजली गेली होती, आणि उत्तर मात्र त्याच गावात शोधले गेले.

आपल्याकडे वजनाच्या जागी शाखानिहाय थकबाकी आहे. सारख्याच प्रकारचे कर्जदार असूनही जिची वसुली चांगली आहे, अशी शाखा निवडावी; पगारदार कर्जदारांच्या शाखेशी शेतकरी कर्जदारांच्या शाखेची तुलना करू नये. तेथील अधिकारी कर्ज देण्यापूर्वी काय तपासतात, पहिला हप्ता चुकल्यावर किती दिवसांत घरी जातात, जामीनदारांशी केव्हा बोलतात, हे इतर शाखाधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष तेथे बसून पाहावे.

रोख रक्कम, तारण आणि हिशेब यांना मात्र ही पद्धत लावू नये. तेथे दोष शोधणे हेच कर्तव्य आहे. लेखापरीक्षणातील दोष दुरुस्त करणे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८२ नुसार बंधनकारकच आहे. टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसताच कामगार दोरी ओढून किंवा बटण दाबून मदत मागतो आणि गरज पडल्यास उत्पादन थांबते. शोध घेतला जातो तो कामाच्या रीतीतील चुकीचा. आपल्या संचालकांनी ही शिस्त जरूर घ्यावी.

व्यक्तींच्या उणिवांच्या यादीबद्दल मला खरी काळजी वाटते. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये कामाबद्दल दिल्या जाणाऱ्या अभिप्रायांवरील अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. सरासरीने अभिप्रायाचा लाभ दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा काम उलट खालावले. लक्ष कामावरून स्वतःकडे वळले की परिणाम कमी होतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. म्हणून ‘तुम्ही कठोर नाही’ असे सांगण्याऐवजी ‘या खात्यांवर नोटीस वेळेत गेली नाही’ असे सांगावे. बलस्थानही तपासून पाहावे : गावात सर्वांशी जिव्हाळा असलेला अधिकारी ठेवी उत्तम आणतो, पण त्याच जिव्हाळ्यापोटी हप्ता मागताना संकोचू शकतो. अशा अधिकाऱ्यासोबत वसुलीच्या भेटींना दुसरा सहकारी द्यावा आणि ठेवींचे काम त्याच्याकडेच ठेवावे.